लाल की चांदीचा? जुना स्विस चाकू जमवायला घेताय तर आधी हे वाचा

गल्लीतला एक पोरगा परवा दुकानात आला, नवीन नोकरी, पहिला पगार, आणि डोक्यात नाद शिरलाय जुने स्विस आर्मी चाकू जमवायचा. मला म्हणाला, काका, सुरुवात लाल ऑफिसरवाल्यानं करू का त्या चांदीच्या रंगाच्या सोल्जरनं? मी म्हटलं बस, चहा सांगतो. दोन चहा झाले तरी उत्तर संपेना, म्हणून म्हटलं सरळ लिहूनच काढावं.

आधीच सांगतो, मी काही अभ्यासक नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे, दिवसभर लेथ आणि ड्रिल, त्यामुळं लोखंडाची सवय आहे एवढंच. हा नाद लागून अकरा वर्षं झाली. पहिली पाच वर्षं लालच्या मागं घालवली, नंतर चांदीच्याकडं वळलो. त्यामुळं मी अगदी तटस्थ आहे असं समजू नका, पण दोन्ही बाजू भोगल्यात हे खरं. पाती किती, लांबी किती ते सगळं तुम्हाला माहीत असणार, त्यात वेळ घालवत नाही.

एक गंमत तेवढी सांगतो कारण निम्म्या लोकांचा इथंच घोळ होतो. लाल चाकूला आपण सगळे 'आर्मी नाइफ' म्हणतो, पण स्विस लष्करानं तो सैनिकांना वाटलेलाच नाही. १८९१ मध्ये कार्ल एल्सेनरनं, म्हणजे व्हिक्टोरिनॉक्स कंपनीच्या मूळ मालकानं, लष्कराला दिला तो सैनिकांचा चाकू, जाडजूड, लाकडी मुठीचा, त्यात नव्या रायफलचे स्क्रू खोलायला ड्रायव्हर. बूच काढायच्या स्क्रूचा नाजूक चाकू, म्हणजे आपल्या लालचा पूर्वज, त्यानं १८९७ मध्ये रजिस्टर केला, तो ऑफिसर लोक स्वतःच्या पैशानं घ्यायचे. म्हणजे जो जगभर आर्मीचा म्हणून गाजला तो दुकानातला, आणि खरा आर्मीचा तो चार अवजारांचा साधा गडी, ज्याला आपल्याकडं कोण विचारत नाही. मी चांदीचा म्हणतोय तो ह्याच सैनिकी चाकवाचा १९६१ चा अवतार, खडबडीत अॅल्युमिनियमच्या मुठीचा. सुरुवातीची थोडी वर्षं त्याचंही अॅल्युमिनियम लाल रंगाचं यायचं, ते हाताला लागलं तर सोडू नका, पण त्याला आणि प्लास्टिकच्या लालला एक समजू नका.

आता लालचं काय चांगलं ते आधी. लाल जमवायला मजा येते ती तपासाची. सगळ्यांच्या अंगावर साल नसतं, म्हणून खाणाखुणांवरून वय काढायचं. पात्याच्या बुडाशी काय पंच केलंय बघायचं. कंपनीचं नाव नुसतं 'व्हिक्टोरिया' आहे का 'व्हिक्टोरिनॉक्स', कारण ते 'इनॉक्स' शेपूट १९२१ मध्ये स्टेनलेस पोलाद आल्यावर जोडलंय. जुन्यांवर फ्रेंचमध्ये 'ऑफिसिए सुइस' असंही असतं. मग कडी बघायची. जुन्या चाकवांना टोकाला यू आकाराची कडी असते, नव्यांना कीरिंगचं बारीक वेटोळं. मग मागच्या बाजूचा हूक, पार्सलची दोरी अडकवून उचलायचा. तो १९९१ मध्ये आला, म्हणजे हूक असला की चाकू त्याच्या आधीचा नाही, विषय संपला. पण हूक नाही म्हणजे जुनाच असं उलटं करू नका, पातळ मॉडेलला तो आजही नसतो. मी सुरुवातीला इथंच दोनदा फसलोय.

आणि आरी, म्हणजे चामड्याला भोक पाडायची टोचणी. जुन्या चाकवातल्या आरीला शिवणीचं भोक नसतं, नंतरच्यांना असतं. मी एकदा दोन्ही घेऊन चप्पल लाइनला गेलो होतो, एका कारागिराला दाखवलं. त्यानं बिनभोकाची आरी अंगठ्यावर फिरवली, म्हणाला ही टोचायची, हिनं दोरा कसा ओढणार, आणि दुसरी बघून म्हणाला हां, हिला कोणतरी शहाणा भेटला. एवढ्या एका वाक्यात त्यानं दोन्ही मॉडेल वेगळी केली, मला ते शिकायला तीन महिने लागले होते.

घरचा किस्सा तर ह्याहून भारी. मामा मस्कतला होते, त्यांनी मी चौथीत असताना लाल चाकू आणला, कात्रीवाला, अशी आमच्या घरातली पक्की कथा. मी चौथीत म्हणजे १९८४ साल. नाद लागल्यावर तो ड्रॉवरमधून काढला, पालथा केला, तर मागं हूक! आता १९८४ ला आणलेल्या चाकवाला १९९१ चा हूक कुठनं येणार? आईला सांगितलं तर ती चिडली, म्हणाली तुझा मामा खोटं बोलतोय व्हय. शेवटी मामांनाच फोन लावला तेव्हा कळलं की पहिला चाकू त्यांनीच एका सुट्टीत परत जाताना विमानतळावर हँडबॅगेत ठेवला आणि घालवला, मग काही वर्षांनी गुपचूप दुसरा आणून त्याच ड्रॉवरमध्ये टाकला. एवढी वर्षं कुणाला पत्ता नाही. एका हुकानं मामांची चोरी पकडली. लालची असली मजा चांदीचा देत नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

मग मी लाल का सोडला?

स्केलमुळं. म्हणजे ती दोन्ही बाजूची लाल प्लास्टिकची पट्टी. ती आत रिव्हेटच्या डोक्यांवर नुसती दाबून बसवलेली असते. नखानं नाही, पण पातळ पात्यानं कडेनं उचकटली की टक् करून निघते, आणि नवी दाबली की टक् करून बसते. सुट्ट्या नव्या स्केल विकत मिळतात. चाकू वापरणाऱ्याला हे वरदान आहे, तुटली बदलली. पण जमवणाऱ्याला? दातकोरणं आणि चिमटा तर हरवण्यासाठीच बनवलेत, त्यामुळं तेही कुठलेही कुठंही घातलेले. म्हणजे तुमच्या हातात जो 'साठ वर्षं जुना' चाकू आहे त्याची पाती साठ वर्षांची, डावी स्केल तीस वर्षांची, उजवी गेल्या दिवाळीची आणि दातकोरणं परवाचं, असंही असू शकतं. त्याचं वय काय सांगणार?

माझ्याबाबतीत झालं ते असं. एका विक्रेत्याकडनं फोटो बघून एक लाल मागवला. यू कडी, बिनभोकाची आरी, जुना पंच, सगळं जमत होतं, आणि वर लाल रंग कसा, एकदम लखलखीत. साडेचार हजार दिले, माझ्यासाठी तेव्हा ती मोठी रक्कम होती. घरी आल्यावर रात्री दिव्याखाली धरला तर दोन बाजूंचा लाल एकसारखा वाटेना. एक बाजू आतून जरा काळसर, जुन्या काचेच्या बांगडीसारखी, दुसरी नुसती लाल. गुजरीतल्या मित्राकडनं डोळ्याला लावायचं भिंग आणलं होतं ते लावलं. लखलखीत बाजूला बॉलपेनची खाच होती, आणि ते पेन तर फार नंतरची भर आहे. तरी मन मानेना, म्हटलं बघूच. कडेनं उचकटली. टक् झालंच नाही, कर् कर् करून निघाली, आणि खाली लायनरवर, म्हणजे आतल्या धातूच्या पट्टीवर, पांढरी बुरशी धरल्यागत थर. ती बुरशी नव्हती, फेविक्विकची वाफ बसली की धातूवर जो पांढरा धुरळा येतो तो होता. आमच्या दुकानात रोज बघतो, ओळखायला भिंग पण लागत नाही. कुणीतरी नवीन स्केल आणली, ती नीट बसली नाही म्हणून चिकटवली आणि 'ऑल ओरिजिनल' लिहून विकली.

विक्रेत्याला फोटो पाठवले. तो म्हणाला, साहेब पाती तर ओरिजिनल आहेत ना. आता ह्यावर काय बोलणार. खोटं नव्हतं ते.

त्या दिवसापासून मला लाल चाकू हातात घेतला की आनंद व्हायच्या आधी संशय यायला लागला. प्रत्येकाच्या स्केलची फट बघायची, दोन्ही बाजूंचा रंग उन्हात जुळवायचा, चिमट्याचं टोक बघायचं. माझ्याकडं तेव्हा सव्वीस लाल होते, त्यातले नऊ मी स्वतः उचकटून बघितले आणि चारात काही ना काही बदललेलं निघालं. कदाचित माझं नशीबच तसं असेल, दुसऱ्या कुणाचा अनुभव चांगला असेलही, मी नाही म्हणत नाही. पण छंद म्हणून घेतलेल्या गोष्टीत रोज पोलिस व्हायचं असेल तर दुकानातली उधारी वसूल करणं काय वाईट.

चांदीच्याला ही भानगड जवळजवळ नाही. मूठ अॅल्युमिनियमची आणि ती रिव्हेट मारून पक्की केलेली. ती बदलायची म्हणजे रिव्हेट फोडायची, पुन्हा घालायची, डोकं पुन्हा चेपायचं. करता येतं, माझ्यासारखा मशीनवाला करूही शकेल, पण केलेलं दिसतंय. फॅक्टरीच्या रिव्हेटचं डोकं आणि हातोडीनं चेपलेलं डोकं ह्यातला फरक उद्यमनगरातलं शिकाऊ पोरगं पण सांगेल.

आणि खरी गोष्ट म्हणजे साल. मोठं पातं उघडा, बुडाशी दोन आकडे पंच केलेले असतात. ७२ म्हणजे १९७२. संपला विषय. तपास नाही, वाद नाही, मामांना फोन नाही. माझा पहिला आला तो ७४ चा, माझ्याच जन्मसालाचा, आणि मुद्दाम मागवलेला नव्हता, ढिगात आला. पातं उघडलं, कट् असा बसका आवाज आला, लालच्या पात्याचा आवाज त्यापुढं टाचणी पडल्यागत वाटतो. आणि तिथं ते दोन आकडे, ४ चा पाय जरा वाकडा पडलेला, पंच मारणाऱ्याचा हात हलला असणार. मी पण असले हजारो पंच मारलेत, माझेही वाकडे पडतात. म्हटलं अरे, आपलाच माणूस.

वरनं आणखी एक मजा. १९०८ पासून लष्करानं ऑर्डर दोन कारखान्यांत वाटली होती, जर्मन बोलणाऱ्या भागातला इबाखचा व्हिक्टोरिनॉक्स आणि फ्रेंच बोलणाऱ्या भागातला देलेमाँचा वेंगर, कुणी रुसायला नको म्हणून. म्हणजे एकाच सालाचे दोन चाकू मिळतात, दोन वेगळ्या पंचांचे. २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सनं वेंगर घेतलं, आणि २००८ ला लष्करानं हे मॉडेलच बदललं, आता हिरवा-काळा मोठा एकहाती उघडणारा असतो. म्हणून १९६१ ते २००८ असा हा बंद पट आहे, सुरुवात माहीत, शेवट माहीत. साल लिहिलेली वही घ्यायची आणि एकेक खूण करत जायचं. लालचा पट कुठं संपतो हे मला अजून कळलेलं नाही.

आता चांदीच्याच्या तक्रारी, नाहीतर तुम्ही म्हणाल ह्याला कमिशन मिळतंय. एक, दिसायला सगळे सारखे. दहा चाकू टेबलावर मांडले की बायको म्हणते, एकच चाकू दहा वेळा का घेतला. तिला उघडून आकडे दाखवले तर म्हणाली, मग आकडेच जमवा की, पेपरात फुकट मिळतात. बोलून उपयोग नाही. दोन, रोजच्या वापरात लाल सोयीचा. कात्री आहे, चिमटा आहे, वाङ्निश्चयाच्या कार्यक्रमात नारळाची शेंडी सोलण्यापासून पायातला काटा काढण्यापर्यंत सगळं होतं. चांदीच्यात पातं, आरी, कॅन ओपनर, बाटली ओपनर, बस. दातकोरणं पण नाही, मटणाच्या जेवणानंतर हे फार जाणवतं. तीन, विक्रेते कुठलाही चांदीचा चाकू 'आर्मी इश्यू', म्हणजे लष्करानं वाटलेला, म्हणून खपवतात. त्याच मुठीचे दुकानी मॉडेलही निघतात. त्यांना बहुतेक कीरिंग असतं आणि साल नसतं. साधा नियम, पातं उघडलेल्या बुडाचा जवळनं फोटो मागायचा. आढेवेढे घेतले तर सोडून द्यायचं.

चौथी तक्रार माझी मलाच आहे. एक चाकू फार कळकट आला होता, ग्रीस आणि माती बसलेली. मी शहाणा, दुकानातल्या बफला, म्हणजे पॉलिशच्या चाकाला, लावला. मूठ सोडली, पात्यावर फिरवला, चकचकीत झाला, खूश होऊन बघतो तर बुडाशी आकडे पुसट. पहिला ६ का ८ तेवढाही कळेना, दुसरा तर गेलाच. कागद ठेवून पेन्सिल घासली, तिरपा उजेड टाकला, काही नाही. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी चांदीचा घ्यायचा तीच मी स्वतःच्या हातानं दोन मिनिटांत उडवली. तो आता दुकानात खोके फाडायला असतो. हात जोडून सांगतो, बफ नको, पॉलिश पेपर नको. कोमट पाणी, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश, चांगलं वाळवायचं आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. लालला थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही लावू नका, ती पट्टी विरघळते. आणि दारावर येणाऱ्या धारवाल्याला दोन्हीतलं काहीच देऊ नका. पातं मिटल्यावर टोक कडेच्या वर आलेलं दिसलं की समजायचं कुणीतरी घासून घासून खाल्लंय. असा चाकू कितीही स्वस्त असू दे.

लोक विचारतात लेदरमन का नाही. टिम लेदरमनचा पहिला पक्कडवाला, १९८३ चा पीएसटी, माझ्याकडं एक आहे. यंत्र म्हणून मला तो फार आवडतो, नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच पीसवर मुठीच्या आत महिना आणि साल चार आकड्यांत असतं, म्हणजे ०४९९ म्हणजे एप्रिल १९९९, ह्यात तर तो चांदीच्याच्याही पुढं गेला. पण पक्कड जोरात दाबली की मुठीच्या कडा तळहातात घुसतात आणि मला दिवसभर खरीच पक्कड धरायची असते, संध्याकाळी पुन्हा तेच नको वाटतं. नुसता वेंगरचा लाल घेणार असाल तर त्याची कात्री व्हिक्टोरिनॉक्सपेक्षा मला बरी वाटते, बारीक दात्यांची आहे आणि व्हिक्टोरिनॉक्सची ती तुटणारी स्प्रिंग तिला नाही. आणि जुन्या बाजारात कधी शेफील्डचा लोखंडी सैनिकी चाकू मिळाला, जाड सुयावाला, तर पात्यावर साल आणि बाणाची खूण बघा. महायुद्धातला निघू शकतो. पण तो पोलादाचा, स्टेनलेस नव्हे. आपल्याकडच्या जून-जुलैत एक आठवडा विसरला तर तांबडा होऊन बसतो.

मिळतात कुठं? लाल कोल्हापुरातच मिळतात, शोधायची जागा फक्त बाजार नाही, लोकांचे ड्रॉवर. गल्फला जाऊन आलेलं एक तरी घर प्रत्येक गल्लीत आहे. मला लक्ष्मीपुरीतल्या भंगारात एक मिळाला, दोन लग्नाच्या मांडवात, म्हणजे खुर्चीवर शेजारी बसलेल्या पाहुण्यांच्या खिशातनं. चांदीचा असा मिळत नाही, तो बाहेरनंच मागवावा लागतो, त्यावर पोस्टेज, कस्टम, कधी महिनाभर वाट. पैशाचा हिशोब काढला तर लाल स्वस्त पडेल, ह्यात शंका नाही. मला एक ६८ घरी येईपर्यंत चाकवाच्या किमतीएवढाच खर्च वर बसला होता.

तरी त्या पोराला मी काय सांगितलं? म्हटलं, तुला गोष्टी ऐकायला आवडत असतील, घरोघरी जायला आवडत असेल, आणि फसलास तर हसता येत असेल, तर लाल घे, लई मजा येईल. पण तुला मनापासून जमवायचं असेल, म्हणजे रात्री डबा उघडून बसल्यावर प्रत्येक चाकू आहे तोच आहे ह्याची खात्री पाहिजे असेल, तर एखादा चांदीचा घेऊन बघ. एकच. तुझ्या जन्मसालाचा. मग ठरव.

तो म्हणाला माझं साल २००२. मी वही उघडली, २००२ माझ्याकडं नाही. ८१ मात्र दोन आहेत, एक इबाखचा एक देलेमाँचा, त्यातला देलेमाँचा त्याच्या हातात ठेवला. त्यानं उघडला, कट्. परत मिटला, परत उघडला. चौथ्यांदा उघडल्यावर मी म्हटलं, भावा, आता तो तुझा, पण २००२ मिळाला की हा मला परत द्यायचा. आणि ६६ सालचा कुठलाही दिसला, कितीही कळकट असू दे, तर त्याला हात लावायच्या आधी मला सांगायचं.